लेखणी, व्यासपीठ आणि विराम : मार्क ट्वेनच्या कथनव्यवसायाचा एक विचार

१

मार्क ट्वेन हे नाव आपल्याकडील वाचकास मुख्यत्वे कादंबरीकार म्हणून परिचित आहे. ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबरी फिन’ या दोन ग्रंथांच्या आधारे त्याच्याविषयी बोलले जाते, आणि त्याच्या उरलेल्या आयुष्यातील उद्योग चरित्राच्या सदरात टाकून दिले जातात. परंतु हा लेखक कादंबरीकार झाला तो पुष्कळ उशिरा. त्याआधी तो वृत्तपत्रांस ठराविक दराने पत्रे पुरविणारा मुक्त पत्रकार होता, आणि त्यास जोडूनच गावोगावी तिकीट लावून गोष्टी सांगणारा कथक होता. पहिला व्यवसाय त्याने पुढे जवळजवळ सोडला. दुसरा व्यवसाय तो अनेकदा सोडीत असे, आणि पैशाची निकड लागली की पुन्हा त्याच्याकडे वळत असे. या दोन व्यवसायांचा त्याच्या भाषेशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास एक व्यापक बाजूही आहे. कथन हे मुळात उच्चारित भाषेचे कार्य आहे, आणि साहित्यसमीक्षेचा व्यवहार मात्र सर्वस्वी छापील पाठावर चालतो. जो लेखक दोन्ही क्षेत्रांत वावरला आणि दोहोंतील अंतराविषयी ज्याने विचार करून लिहून ठेवले, त्याची साक्ष या बाबतीत मोलाची ठरावी. महाराष्ट्रात कीर्तनाची परंपरा जुनी आहे. अलीकडच्या काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनास फार मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. तेव्हा हा प्रश्न आपणांस परका नाही.

२

सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स हे ट्वेनचे मूळ नाव. त्याचा जन्म १८३५ साली मिसुरी राज्यातील फ्लॉरिडा या खेड्यात झाला, आणि बालपण मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावी गेले. १८४७ साली वडील वारल्यावर तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. म्हणजे भाषेशी त्याचा पहिला व्यावसायिक संबंध आला तो खिळे जुळविण्याच्या कामातून. पुढे नदीवर आगबोटीचा वाटाड्या म्हणून त्याने परवाना मिळविला (१८५९), परंतु १८६१ च्या यादवी युद्धाने ती वाहतूक बंद पाडली. तो थोरल्या भावाबरोबर नेव्हाडा प्रांतात गेला, आणि खाणकामात अपयश आल्यावर १८६२ साली व्हर्जिनिया सिटी येथील ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’ या पत्रात बातमीदार झाला. ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव त्याने १८६३ च्या फेब्रुवारीत प्रथम वापरले. ती नदीवरील खलाशांची आरोळी आहे. पाण्याची खोली दोन वाव, म्हणजे १२ फूट आहे, असा तिचा अर्थ. लेखकाचे नावच मुळी मोठ्याने उच्चारावयाच्या एका शब्दप्रयोगातून आले, ही गोष्ट योगायोगाची असली तरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सॅन फ्रान्सिस्को येथे पगारी बातमीदाराचे काम त्यास मानवले नाही. गुंडांनी एका चिनी मनुष्यास मारहाण केली आणि पोलिसांनी ती पाहत उभे राहून मौज लुटली, असा वृत्तान्त त्याने लिहिला, आणि तो छापला गेला नाही. ही हकिकत त्याने आत्मचरित्रात नमूद केली आहे. ती नोकरी १८६४ साली सुटली. त्यानंतर तो ज्या पद्धतीने लिहू लागला ती खऱ्या अर्थाने मुक्त पत्रकाराची होय : एका पत्राशी करार, अमुक इतकी पत्रे, प्रत्येक पत्रास अमुक डॉलर. १८६६ साली ‘सॅक्रॅमेंटो युनियन’ने त्यास सँडविच बेटांवर, म्हणजे आजच्या हवाईत धाडले. तेथून त्याने २५ पत्रे लिहिली. दर पत्रास २० डॉलर मिळत. त्याच मुक्कामात ‘हॉर्नेट’ नावाचे जहाज समुद्रात जळाल्याची आणि त्यातील काही खलाशी आठवडेच्या आठवडे उघड्या होडीत काढून जिवंत किनाऱ्यास लागल्याची वार्ता आली. ट्वेन त्या वेळी आजारी होता. त्यास डोलीत घालून इस्पितळात नेण्यात आले, आणि तेथे त्याने वाचलेल्या माणसांच्या जबान्या ऐकल्या. रातोरात लिहिलेला तो वृत्तान्त पहिल्या जहाजाने रवाना झाला, आणि त्या वार्तेने त्याचे नाव झाले.

पुढील वर्षी ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या पत्राने त्याच्या प्रवासाचा खर्च सोसून त्यास ‘क्वेकर सिटी’ जहाजावरील यात्रेकरूंबरोबर युरोपात आणि पवित्र भूमीत पाठविले. त्या पत्रांतून ‘इनोसंट्स ॲब्रॉड’ (१८६९) हा ग्रंथ सिद्ध झाला. परंतु पत्रे छापणाऱ्यांनी त्यांवर आपला हक्क सांगितला. तो प्रश्न सोडविण्यासाठी लेखकास १८६८ साली पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जावे लागले. मुक्त पत्रकाराची स्थिती या एका प्रसंगात स्पष्ट दिसते. त्याने पाहिलेले, भोगलेले आणि शब्दांत उतरविलेले सारे दर पत्रामागे विकले गेल्यावर त्याचे राहत नाही.

येथे दोन व्यवसायांतील एक मूलभूत भेद मांडणे अवश्य आहे. बातमी एकदाच विकता येते, कारण छापली की ती शिळी होते. गोष्ट मात्र जोवर छापली जात नाही तोवर शंभर गावी शंभर वेळा विकता येते. म्हणूनच व्यासपीठावर आल्यानंतर ट्वेन आपल्याच जुन्या व्यवसायाच्या विरोधात उभा राहिलेला दिसतो. गावातील वृत्तपत्र त्याच्या व्याख्यानाचा सारांश दुसऱ्या दिवशी छापी, आणि शेजारच्या गावचा श्रोता विनोद आधीच वाचून येई. या प्रथेविषयी त्याने तीव्र तक्रार केली आहे. ही तक्रार उत्पन्न बुडण्याची होती हे खरेच. परंतु तिच्यात भाषेविषयीचाही एक सिद्धान्त आहे. सारांशात गोष्टीचा आशय उरतो आणि गोष्ट नाहीशी होते. आशय आणि कथन या दोन वस्तू भिन्न आहेत, हे ज्ञान त्यास कोणत्याही ग्रंथातून न मिळता धंद्यातील तोट्यातून मिळाले.

३

ट्वेनचे पहिले महत्त्वाचे व्याख्यान २ ऑक्टोबर १८६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाले. विषय सँडविच बेटांचा होता. म्हणजे पत्रांसाठी जमविलेली सामग्रीच येथे दुसऱ्यांदा कामी आली. सभागृह भाड्याने घेण्याचा खर्च त्याने उसनवारीच्या आशेवर अंगावर घेतला होता. हशा पिकेल की नाही या भीतीने ठराविक जागी हसण्यासाठी आपण परिचितांची योजना केली होती, असे तो ‘रफिंग इट’ (१८७२) या ग्रंथात सांगतो. कार्यक्रम यशस्वी झाला, आणि त्याने लगेच कॅलिफोर्निया व नेव्हाडातील खाणवस्त्यांचा दौरा काढला.

त्या काळी अमेरिकेत गावोगावी ‘लायसियम’ नावाच्या संस्था असत. हिवाळ्यात व्याख्यानमाला भरवून लोकशिक्षण करणे हा त्यांचा हेतू होता. आपल्याकडील वसंत व्याख्यानमालांशी त्यांची तुलना करता येईल. जेम्स रेडपाथ याने १८६८ साली बॉस्टन येथे कार्यालय काढून वक्ते आणि गावे यांची गाठ घालून देण्याचा व्यवसाय सुरू केला, आणि तो वक्त्याच्या मानधनातील दहावा हिस्सा घेई. ट्वेन १८६९ पासून त्याच्या यादीत होता. बॉस्टनच्या रसिकांपुढे उभे राहण्यापूर्वी वक्ते आसपासच्या लहान गावांत आपले व्याख्यान तपासून घेत. जे वाक्य तेथे पडे ते काढून टाकावयाचे, जे उभे राही ते ठेवावयाचे. ही संपादनाचीच एक पद्धती होती, आणि येथे संपादकाची भूमिका श्रोत्यांकडे असे.

प्रवास मात्र जिकिरीचा होता : रात्रीची आगगाडी, थंड खोल्या, रोज नवे गाव, स्वागतसमितीची गाडीतून गाव दाखविण्याची हौस. ट्वेनच्या पत्रांत या जीवनाविषयीचा वैताग भरपूर आहे. आपण हा धंदा सोडला असे त्याने कितीदा तरी जाहीर केले. स्मरणासाठी तो नाना युक्त्या योजी. प्रत्येक प्रकरणाच्या प्रारंभीच्या वाक्यांतील अक्षरे त्याने एकदा बोटांच्या नखांवर शाईने लिहिली. तेव्हा वक्ता सारखा नखांकडे का पाहतो याचेच श्रोत्यांस कुतूहल वाटू लागले. पुढे त्याने लहान लहान चित्रे काढून ती ओळीने ध्यानात ठेवण्याचा उपाय शोधला. येथे लक्षणीय आहे ते असे की, त्याने स्मरणात ठेवला तो गोष्टींचा क्रम. शब्द न् शब्द पाठ करून तो पाठांतर झाल्यासारखे वाटू नये अशा रीतीने सांगणे, किंवा क्रम ठेवून शब्द प्रसंगानुसार पडू देणे, या दोन टोकांमध्ये त्याची कला वावरत असे.

या कलेतील त्याचा ज्येष्ठ समकालीन म्हणजे आर्टिमस वॉर्ड या नावाने प्रसिद्ध असलेला चार्ल्स फॅरर ब्राउन. तो १८६३ च्या डिसेंबरात व्हर्जिनिया सिटीस आला असता ट्वेनची त्याच्याशी मैत्री जडली. चेहरा गंभीर ठेवून, आपण काही हास्यास्पद बोललो याची जाणीवच नसल्याप्रमाणे बोलत राहणे, ही वॉर्डची रीत होती. ट्वेनने ती आत्मसात केली, आणि मिसुरीच्या संथ, लांबट उच्चारांची तीत भर घातली.

या रीतीचे यश श्रोत्याच्या सहकार्यावर अवलंबून असते, हे १८७७ च्या डिसेंबरात त्यास कळून चुकले. कवी व्हिटियर याच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त बॉस्टनमध्ये भोजनसमारंभ होता. एमर्सन, लाँगफेलो आणि होम्स हे वयोवृद्ध साहित्यिक समोर बसलेले असताना ट्वेनने, त्यांचीच नावे धारण केलेले तीन भामटे एका खाणकामगाराच्या झोपडीत शिरल्याची गोष्ट सांगितली. सभा थंड राहिली. ती गोष्ट मुळात वाईट होती की सभा चुकीची होती, याविषयी खुद्द त्याचेच मत पुढील आयुष्यात अनेकदा बदलले. समीक्षकास यातून घेण्याजोगा बोध असा की, कथित गोष्टीचे मूल्यमापन श्रोतृसमाज वगळून करता येत नाही. वक्ता, गोष्ट आणि सभा या तिहींचा मिळून एक पाठ होतो, आणि तिघांपैकी एक बदलला की पाठही बदलतो.

४

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. १८८४-८५ च्या हिवाळ्यात ट्वेनने जॉर्ज वॉशिंग्टन केबल या कादंबरीकाराबरोबर मोठा दौरा काढला. शंभरावर कार्यक्रम झाले. प्रारंभी त्याने पुस्तकातून वाचून दाखविण्याचा प्रयत्न केला. चार्ल्स डिकन्सच्या जाहीर वाचनांचे उदाहरण त्याच्यासमोर होते. परंतु स्वतःचीच वाक्ये वाचताना ती सभेत पोहोचत नाहीत असे त्यास आढळले. १९०७ सालच्या एका आत्मचरित्रात्मक निवेदनात त्याने याची मीमांसा केली आहे. लिहिलेली भाषा बोलण्यासाठी नसते. ती ताठ असते, आणि जिभेस वळावयाची तर तिला मोडावे, सैल करावे, तिच्यात बोलण्यातील अनौपचारिकपणा आणावा लागतो, असा त्याचा अभिप्राय आहे. याचे उदाहरण म्हणून त्याने ‘आजोबांचा म्हातारा एडका’ ही आपलीच कथा घेतली. एक मद्यधुंद म्हातारा एडक्याची गोष्ट सांगू लागतो, एका आठवणीतून दुसरीत घसरत जातो, आणि एडका शेवटपर्यंत येतच नाही. ही कथा त्याने अनेक रात्री सांगितली. पुढे कित्येक वर्षांनी पुस्तकातील पाठ पाहिला, तेव्हा दोन्ही पाठ इतके भिन्न झाले होते की छापील पाठ मोठ्याने वाचणे त्यास अशक्य वाटले.

याचे जे कारण तो देतो ते महत्त्वाचे आहे. पुस्तक हाती घेऊन वाचणारा मनुष्य दुसऱ्याची गोष्ट त्रयस्थपणे सांगत असतो. तो नक्कल करीत असतो. पुस्तक दूर ठेवून सांगणारा मात्र हळूहळू त्या पात्रात शिरतो आणि अखेर तेच पात्र होतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर, वाचनात उक्तीचा कर्ता आणि उच्चार करणारा हे भिन्न राहतात. कथनात ते एक झाल्याचा आभास निर्माण होतो.

हा भेद वाक्यरचनेत कसा उतरतो, हे मराठीच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. ‘काल सायंकाळी नदीस पूर आल्यामुळे पलीकडे जाण्याचा आमचा बेत रहित करावा लागला,’ हे लिखित वाक्य आहे. यात एक गौण विधान आणि एक प्रधान विधान असून कार्यकारणसंबंध ‘आल्यामुळे’ या शब्दाने बांधलेला आहे. हीच गोष्ट सांगणारा असे म्हणेल : ‘काल संध्याकाळी नदीला आला पूर. आता पूर म्हणजे काय, बघवत नव्हतं. मग कुठलं जायचं पलीकडे? राहिलो.’ येथे चार स्वतंत्र उच्चार आहेत. क्रियापद कर्त्याच्या आधी आले आहे. ‘आता’ या शब्दाचा काळाशी काही संबंध उरलेला नाही. तो ऐकणाऱ्याचे लक्ष धरून ठेवण्याचे काम करतो. कार्यकारणसंबंध कोणत्याही प्रत्ययाने दाखविलेला नसून तो श्रोत्याने जोडावयाचा आहे, आणि ते जोडण्यासाठी त्यास प्रत्येक उच्चारानंतर थोडा अवकाश मिळतो. शेवटचे एकशब्दी वाक्य तर त्या अवकाशाविना अर्थहीनच होईल.

हा अवकाश म्हणजेच विराम, आणि ट्वेनच्या कथनविचाराचे केंद्र तेच आहे. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोष्ट कशी सांगावी’ या निबंधात त्याने विनोदी कथनाचे प्रकार पाडले आहेत. एक प्रकार असा की, त्यात परिणाम विषयावर अवलंबून असतो. सांगणारा आधीच हसतो, मर्मस्थळ ओरडून सांगतो, आणि छपाईत त्यास उद्गारचिन्हे देतो. दुसऱ्यात परिणाम सांगण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. तीत सांगणारा गंभीर असतो, भरकटतो, आणि मर्म जणू नकळत टाकून पुढे जातो. हा दुसरा प्रकार त्यास अमेरिकन वाटतो. राष्ट्रवार केलेली ही विभागणी आज मान्य होण्याजोगी नाही. गंभीर मुद्रेने केलेला विनोद कोणत्याही एका राष्ट्राची मिरासदारी नाही, हे आपल्या बहुरूप्यांनी आणि तमाशातील सोंगाड्यांनी पूर्वीच सिद्ध केले आहे. परंतु विभागणीमागील निरीक्षण खरे आहे. एका जखमी सैनिकाच्या गोष्टीचे उदाहरण देऊन तो दाखवितो की, पहिल्या रीतीने दीड मिनिटात संपणारी गोष्ट जेम्स व्हिटकोम राइली हा एका मंदबुद्धी शेतकऱ्याच्या तोंडून सांगे तेव्हा तीस दहा मिनिटे लागत. ही वाढलेली साडेआठ मिनिटे आशयाच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत, आणि कला सगळी त्यांतच आहे.

त्याच निबंधातील ‘सोन्याचा हात’ ही भुताची गोष्ट केवळ एका विरामासाठी रचलेली आहे. मृत स्त्रीचा सोन्याचा हात नवरा चोरतो. तिचे भूत रात्री हात कोणी नेला असे विचारीत येते. शेवटी सांगणारा थांबतो, समोरच्या एखाद्या श्रोत्याकडे टक लावून पाहतो, आणि एकाएकी त्याच्यावर उडी घेतल्याप्रमाणे उत्तर ओरडतो. विराम थोडा आखूड पडला तर दचका बसत नाही. थोडा लांबला तर श्रोता सावध होतो. त्याची योग्य लांबी प्रत्येक सभेत निराळी असते. छापील पाठात ट्वेनने या जागी सूचना घातली आहे, कारण विरामचिन्हांपैकी एकही चिन्ह हे काम करू शकत नाही. आपली विरामचिन्हे वाक्याची व्याकरणिक घडण दाखवितात. कथकाचा विराम श्रोत्याच्या मनातील अपेक्षेची घडण मोजतो. या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंस आपण एकच शब्द वापरतो.

५

ट्वेनच्या या यशाविषयी एक प्रश्न विचारल्याविना पुढे जाणे योग्य होणार नाही. या गोष्टी कोणाच्या?

ज्या बेडकाच्या गोष्टीने १८६५ साली त्याचे नाव न्यूयॉर्कपर्यंत पोहोचले, ती त्याने कॅलिफोर्नियातील एंजल्स कँप या खाणवस्तीत बेन कून नावाच्या माणसाकडून ऐकली होती. तो माणूस ती गोष्ट विनोद म्हणून नव्हे, घडलेली हकिकत म्हणून अतिशय गांभीर्याने सांगत असे. ‘सोन्याचा हात’ ही गोष्ट त्याने बालपणी मावशीच्या यजमानांच्या शेतावरील दास ‘अंकल डॅनल’ याच्या तोंडून ऐकली. १८७४ साली ‘अटलांटिक मंथली’त आलेली ‘एक खरी गोष्ट’ ही तर मेरी ॲन कॉर्ड या पूर्वी दास्यात असलेल्या स्त्रीने एल्मायरा येथे सांगितलेली आत्मकथा आहे. लिलावात तिची मुले तिच्यापासून तोडली गेली, आणि धाकटा मुलगा युद्धकाळात तिला पुन्हा भेटला. ऐकल्याप्रमाणे शब्दशः दिली आहे, असे ट्वेनने शीर्षकातच म्हटले. निवेदक स्त्रीचे नाव मात्र कथेत बदलले आहे, आणि लेखक म्हणून खाली नाव आहे ते ट्वेनचे.

या कथांतील बोलीचे लेखन हे भाषाभ्यासकास अमोल साधन आहे. ‘हकलबरी फिन’मधील संपूर्ण कादंबरी एका अशिक्षित मुलाच्या बोलीत सांगण्याचे धाडस या श्रवणातूनच आले. शेली फिशर फिशकिन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हकच्या बोलीमागे कृष्णवर्णीय मुलाच्या बोलण्याचा आदर्श असल्याचे मत मांडले, आणि १८७४ मध्ये ट्वेननेच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या ‘सोशेबल जिमी’ या लेखाचा आधार घेतला. हे मत सर्वांस पूर्णतः मान्य झालेले नाही, तरी त्याने प्रश्न योग्य जागी नेला, असे म्हणावे लागते. श्रवण हे ज्याचे भांडवल, त्या लेखकाने ज्यांच्याकडून ऐकले त्यांचे ऋण कसे मोजावयाचे?

ट्वेनची बाजू अशी मांडता येईल की, त्याने या बोलीची थट्टा केली नाही. ‘एक खरी गोष्ट’मध्ये प्रारंभी हसऱ्या वाटणाऱ्या स्त्रीला दुःखच माहीत नसावे असे श्रोता म्हणतो, आणि तिची हकिकत त्याचे अज्ञान उघडे पाडते. म्हणजे कथेत हरतो तो गोरा, सुशिक्षित श्रोता. तरीही व्यासपीठावर ‘सोन्याचा हात’ सांगून पैसे घेणारा मनुष्य, आणि ज्याचे शरीरही स्वतःचे नव्हते तो मूळ सांगणारा, यांतील अंतर कलेने बुजत नाही. ‘आल्टा कॅलिफोर्निया’ने आपल्या पत्रांवर हक्क सांगितला तेव्हा ज्यास अन्याय वाटला, त्याने हा दुसरा हिशेबही मांडला असता तर बरे झाले असते. लोककथा संकलित करण्यासाठी गावोगाव जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा मुद्दा विसरू नये. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि संमती या गोष्टी संशोधनाचाच भाग आहेत. त्यांस परिशिष्टातील औपचारिकता समजू नये.

६

१८९४ साली ट्वेनची प्रकाशनसंस्था बुडाली. कर्ज सुमारे १ लाख डॉलरच्या घरात होते. कायद्याने त्यास त्यातून काही अंशी सुटता आले असते. पत्नी ऑलिव्हिया आणि स्नेही हेन्री रॉजर्स यांच्या आग्रहाने त्याने पूर्ण फेड करण्याचे ठरविले. साठीला आलेला हा लेखक १८९५ च्या जुलैत पुन्हा व्यासपीठावर उभा राहिला, आणि वर्षभर उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका असा फिरला. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस उतरला. मुंबई, पुणे आणि बडोदे येथे त्याचे कार्यक्रम झाले.

या दौऱ्यातील कार्यक्रमांची रचना मराठी अभ्यासकास चटकन ओळखू यावी अशी आहे. आपण मनुष्यजातीचा नैतिक उद्धार करण्यास निघालो आहोत असा गंभीर आव आणून तो एक तत्त्व मांडी, आणि दृष्टान्त म्हणून गोष्ट सांगे. मग दुसरे तत्त्व, दुसरी गोष्ट. चौकट तीच राही, आतील गोष्टी गावानुसार बदलता येत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते, आणि निरूपणातही प्रमाणे व दृष्टान्त ओवलेले असतात. कीर्तनकार पदरी असलेल्या सामग्रीतून प्रसंगाप्रमाणे निवड करतो, तसेच येथे आहे. भेद आहे तो हेतूचा. कीर्तनात आख्यान निरूपणाच्या सेवेस असते. ट्वेनच्या कार्यक्रमात निरूपण हे निव्वळ निमित्त होते, आणि गोष्ट त्या तत्त्वास लागू पडत नाही यातच विनोद होता. धर्मोपदेशाचा साचा रिकामा करून त्यात कथन भरण्याची ही क्रिया आहे. प्रभाव वा अनुकरण यांचा येथे प्रश्नच नाही. दोन दूरच्या परंपरांनी एकाच व्यावहारिक अडचणीवर, म्हणजे सुट्या गोष्टी दीड तास एका सूत्रात कशा धरून ठेवाव्या यावर, काढलेला हा सारखा तोडगा होय.

मुंबईच्या मुक्कामातील एक प्रसंग त्याने ‘फॉलोइंग द इक्वेटर’ (१८९७) या प्रवासवर्णनात नोंदविला आहे. हॉटेलातील एका युरोपियनाने नोकराच्या थोबाडीत मारली आणि मग चूक काय झाली ते सांगितले. नोकराने ते मुकाट्याने सोसले. त्या क्षणी ट्वेनला आपले दक्षिणेतील बालपण आणि तेथील दास आठवले. पन्नास वर्षे मागे गेलेले ते जग एका आवाजाने परत आले. मागील भागातील प्रश्नास त्याच्याकडून मिळालेले हे अप्रत्यक्ष उत्तर मानावे काय? निदान एवढे खरे की, ज्यांच्या गोष्टी तो सांगत आला त्यांचे मौनही त्याच्या स्मरणात राहिले होते.

दौरा संपवून तो इंग्लंडात असताना १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्याची थोरली कन्या सूझी अमेरिकेत वारली. १८९८ च्या प्रारंभी सर्व कर्ज फिटले.

७

एवढी वर्षे सभागृहे भरविणाऱ्या या माणसाचा आवाज आज उपलब्ध नाही. १८९१ साली हात दुखत असल्याने त्याने एक कादंबरी एडिसनच्या ध्वनिलेखनयंत्रावर सांगून पाहिली. कित्येक मेणाच्या नळकांड्या भरल्या. त्या नष्ट झाल्या आहेत. १९०९ चे त्याचे चलच्चित्र आहे, ते मूक आहे. विल्यम जिलेट या नटाने १९३४ साली हार्वर्ड येथे केलेली त्याच्या बोलण्याची नक्कल ध्वनिमुद्रित स्वरूपात राहिली. पुढे हॅल होलब्रुक या नटाने १९५४ पासून सहा दशकांहून अधिक काळ ट्वेनच्या कथनाचा एकपात्री प्रयोग केला. परंतु हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. उरले आहेत ते छापील पाठ, वृत्तपत्रांतील सारांश (ज्यांवर तो चिडत असे तेच) आणि १९०६ पासून त्याने लघुलेखिकेस सांगितलेले आत्मचरित्र. हे आत्मचरित्र २०१० ते २०१५ या काळात तीन खंडांत संपूर्ण प्रसिद्ध झाले. त्यात मनास येईल तेथे सुरुवात करावी आणि कंटाळा येताच विषय सोडावा, अशी पद्धत त्याने बुद्ध्या स्वीकारली. म्हाताऱ्या एडक्याची गोष्ट सांगणाऱ्याचीच ही पद्धत आहे. आयुष्याच्या शेवटी लेखक आपल्या कथकाच्या स्वाधीन झाला, असे यावरून म्हणता येईल.

‘बखर’ हा शब्द ‘खबर’ या शब्दातील वर्णविपर्ययाने झाला, असे एक मत आपल्याकडे आहे. ते व्युत्पत्तिदृष्ट्या निर्णायक मानावे की नाही हा वेगळा प्रश्न. वार्ता आणि कथा यांचे नाते मात्र त्यात अचूक पकडले आहे. ट्वेनच्या बाबतीत बेटांवरून आलेली खबर व्यासपीठावर गोष्ट झाली, गोष्ट पुन्हा पुस्तक झाली, आणि पुस्तक व्यासपीठावर नेताना पुन्हा मोडावे लागले. या प्रत्येक टप्प्यावर भाषा बदलली. समीक्षेने यांतील फक्त एक टप्पा, पुस्तकाचा, साहित्य म्हणून स्वीकारला, आणि बाकीच्यांस उपजीविका म्हटले.

मराठीच्या बाबतीत आपली स्थिती ट्वेनच्या अभ्यासकांपेक्षा पुष्कळ बरी आहे, कारण आपल्या अनेक कथाकारांचे कथन ध्वनिमुद्रित झालेले आहे. छापील कथा आणि तिचे ध्वनिमुद्रित कथन शेजारी ठेवून वाक्यांची मोडतोड कोठे झाली, कोणते शब्द गळले, कोणते भरीचे आले, विराम कोठे पडला आणि तो किती क्षण टिकला, श्रोते कोठे हसले आणि कथकाने त्या हशास किती वाट दिली, याची नोंद करणे आज पदव्युत्तर विद्यार्थ्यासही शक्य आहे. त्यासाठी विरामाच्या लेखनाची एक निश्चित पद्धती आपणांस ठरवावी लागेल, आणि कीर्तनकारांच्या व कथकांच्या घरोघरी पडून असलेल्या ध्वनिफिती झिजून निकामी होण्यापूर्वी हाती घ्याव्या लागतील. मेणाच्या नळकांड्यांचे जे झाले तेच या ध्वनिफितींचे होऊ दिले, तर शंभर वर्षांनी आपल्या कथाकथनाविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकापुढेही केवळ छापील पाठच उरतील, आणि साडेआठ मिनिटांच्या जागी त्यास दीड मिनिटाचीच गोष्ट वाचावी लागेल.